एटीव्हीचा मागचा ॲक्सल: वाकला, तुटला किंवा खिळखिळा झाला तर

मागचा ॲक्सल तुटला की बहुतेक जण पहिला फोन स्पेअरपार्टवाल्याला करतात. त्याआधी दहा मिनिटं गाडीखाली वाकून पाहिलं, तर एकच काम दोनदा करावं लागत नाही. चेनवर चालणाऱ्या एटीव्हीचा (चार जाड टायरांच्या, वाळू-चिखलात चालणाऱ्या गाडीचा) ॲक्सल आपणहून क्वचित जातो. त्याला घालवणारा भाग शेजारीच बसलेला असतो: ढिला पडलेला लॉकनट, खारं पाणी शिरलेलं बेअरिंग, नाहीतर गाडी रुंद दिसावी म्हणून चाकामागे घातलेला जाड स्पेसर. तो तसाच राहू दिला, तर नवा ॲक्सलही त्याच जागी जातो.

हा लेख एकसंध ॲक्सलच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे साधारण ११० ते २५० सीसीच्या, मागे एकच चिमटा (स्विंगआर्म) असलेल्या, चेनने ओढल्या जाणाऱ्या. अलिबाग-नागावच्या वाळूत आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टांत भाड्याने फिरणाऱ्या छोट्या गाड्या बहुतांशी याच जातीच्या असतात. ज्या मोठ्या गाड्यांत मागची दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात, त्यांना डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) आणि रबरी बूट असलेले दोन अर्धे शाफ्ट असतात. तिथलं काम वेगळं. ते इथे शोधू नका.

आधी रचना. एक लांब पोलादी शाफ्ट, दोन्ही टोकांना स्प्लाइन म्हणजे उभे दाते, त्यांवर चाकांचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते मधले भाग. मध्ये चिमट्याच्या शेवटी बेअरिंगचं हाऊसिंग, त्यात दोन बेअरिंगं, दोघांच्या मध्ये एक नळी आणि बाहेरून दोन ऑइल सील. हाऊसिंगच्या एका बाजूला चेनचा स्प्रॉकेट (दातेरी चक्र), दुसऱ्या बाजूला ब्रेकची डिस्क. हे सगळं एकमेकांवर आवळून धरतात ते शाफ्टवरचे दोन मोठे, पातळ लॉकनट. सबंध जोडणीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू हेच दोन नट.

खोलण्याआधी दोष पकडा

गाडीचा मागचा भाग फ्रेमखाली घोडी लावून उचला. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका, कारण पुढे ॲक्सल ठोकायचा आहे आणि गाडी हलणार आहे. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा.

टायर वर आणि खाली धरून जोरात हलवा आणि दुसऱ्या माणसाला हाऊसिंगकडे बघायला सांगा. चाकासोबत सबंध ॲक्सल हलत असेल तर बेअरिंग किंवा हाऊसिंग गेलं. चाक हलतं, पण ॲक्सलचं टोक जागचं हलत नाही, तर हबचा नट ढिला आहे किंवा हबचे दाते झिजलेत. आता ॲक्सल आडवा, डावीकडून उजवीकडे ढकलून पाहा. तो आतबाहेर सरकला तर लॉकनट सुटलेत.

मग ब्रेक दाबून धरा आणि चाक पुढेमागे फिरवायचा प्रयत्न करा. ब्रेक पकडलेला असताना चाक टकटक आवाज करत थोडं फिरलं, तर चाकाच्या हबमध्ये किंवा डिस्कच्या हबमध्ये खेळ आहे. हबच्या तोंडाशी तपकिरी-लाल, कोरडी, हळदीसारखी बारीक भुकटी दिसली तर शंकाच नको. साधा गंज पापुद्र्यासारखा निघतो. ही भुकटी दोन दाते एकमेकांवर घासून तयार होते आणि ती दिसली म्हणजे घासणं बऱ्याच दिवसांपासून चालू आहे.

वाकलेपण मोजताना रिमकडे बघू नका, कारण रिम वेगळा वाकलेला असू शकतो. चिमट्याला एक ताठ तार बांधा आणि तिचं टोक ॲक्सलच्या नितळ भागाला, शक्यतो हबच्या जवळ, जेमतेम टेकेल असं ठेवा. चाक सावकाश फिरवा आणि फट कुठे सर्वांत मोठी होते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. डायल गेज असेल तर उत्तमच. चालेल किती, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅन्युअल नसेल तर दीड मिलिमीटर, म्हणजे अर्धं सूत, ही मर्यादा धरा. त्यापुढे ॲक्सल बदलायचा.

वाकलेला ॲक्सल प्रेसवर सरळ करून देणारे सापडतात, तुटलेला वेल्ड करून देणारेही. दोन्ही टाळा. हा शाफ्ट उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगने जोडाच्या कडेच्या पट्ट्यातला तो कडकपणा बिघडतो, आणि पुढच्या वेळी तो वेल्डमध्ये न तुटता वेल्डच्या शेजारी तुटतो. सरळ केलेला ॲक्सल दिसतो सरळ, पण वाकताना एकदा आणि सरळ होताना एकदा, असा दोनदा ताणला गेलेला असतो. चाक सुटून पडलं तर वर बसलेला माणूस पडतो, एवढं लक्षात ठेवा.

तुटलेलं तोंड वाचा

तुटलेला तुकडा फेकू नका. ब्रेक क्लीनरने धुऊन उजेडात धरा. तोंडाच्या एका कडेपासून आत गेलेल्या, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा वळणदार रेषा आणि त्या भागाचा गुळगुळीतपणा दिसला, तर तडा जुना आहे. तो रोज थोडा थोडा वाढत होता. उरलेला खरबरीत, दाणेदार भाग शेवटच्या दिवशी एका दणक्यात तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि दाणेदार भाग लहान असेल, तर ज्याच्या हातून तो तुटला त्या पोराला बोलण्यात अर्थ नाही, त्याने फक्त शेवटचा खड्डा घेतला. सगळं तोंड दाणेदार किंवा पिळवटलेलं असेल, तर मात्र एकच मोठा आघात झालाय.

तडा बहुतेकदा तीन जागी सुरू होतो: लॉकनटच्या आट्यांच्या खाचेत, स्प्लाइनचे दाते जिथे संपतात तिथे, आणि बेअरिंगच्या लगेच बाहेर. जाडी अचानक बदलते किंवा खाच असते तिथे ताण साठतो. चाकाचा स्पेसर घातला की चाक बाहेर जातं, तरफ लांबते आणि तोच खड्डा ॲक्सलला जास्त वाकवतो. जिथे बेअरिंग बसतं तिथे शाफ्ट निळसर पडला असेल, तर बेअरिंग जाम होऊन तापलं होतं. तिथे गोल चर पडला असेल, तर नट ढिले होते आणि बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरत होती.

आणखी एक कारण गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही: हवा. एटीव्हीचे टायर फार कमी हवेवर चालतात, साधारण ३ ते ५ पीएसआय. नेमका आकडा टायरवर किंवा गाडीच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाला सवयीने मोटारसायकलसारखी २५ भरून देतो. मग टायर दबत नाही आणि प्रत्येक दगडाचा मार थेट ॲक्सलवर येतो. तसंच मागच्या दोन टायरांचा घेर सारखा हवा. डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एक टायर नवा, एक झिजलेला असला की ॲक्सल कायम पिळला जातो. वाळूत टायर घसरून तो पीळ सोडतो, डांबरावर सोडत नाही.

सामान आणतानाची चूक

"११० सीसीचा ॲक्सल द्या" असं म्हणून आणलेला ॲक्सल बसेलच असं नाही. एकाच सीसीच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत लांबी, दात्यांची संख्या आणि हबच्या जागा वेगळ्या असतात. जुना ॲक्सल काढल्यावर, तुटला असेल तर तुकडे जोडून धरून, इतकं लिहून घ्या: टोकापासून टोकापर्यंत लांबी, प्रत्येक जागच्या दात्यांची संख्या आणि त्या दात्यांवरून व्हर्नियरने घेतलेला व्यास, बेअरिंग बसतं तिथला व्यास, टोकाच्या नटाचे आटे आणि लॉकनटचे आटे. दुकानात तुकडेच घेऊन गेलात तर सर्वांत बरं.

बेअरिंगचा नंबर त्याच्या रिंगवर कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो: ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर शाफ्ट, बाहेरून ५२, जाडी १५. ६००६ म्हणजे आत ३०, बाहेर ५५, जाडी १३. ६२०६ सुद्धा आत ३० च, पण बाहेर ६२ आणि जाडी १६. म्हणून "तीसचं बेअरिंग" एवढं सांगून भागत नाही. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, ज्यावर टूआरएस लिहितात, तेच घ्या. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी अडवत नाही.

यादी अशी: ॲक्सल, दोन बेअरिंगं, दोन ऑइल सील, दोन स्प्लिट पिना (नट फिरू न देणाऱ्या दुपेडी पिना), गरजेप्रमाणे लॉकनट, थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव), बेअरिंग-सीलसाठी पाण्यात टिकणारं ग्रीस आणि स्प्लाइनसाठी काळं मॉलिब्डेनम ग्रीस. ॲक्सल निघालाच आहे तर बेअरिंगं आणि सील चांगली दिसली तरी बदला. त्यांच्यासाठी पुन्हा हेच सगळं खोलावं लागतं.

खोलणं

१. आदल्या रात्री सगळ्या नटांवर आणि हबच्या तोंडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून लावा.

२. चाकं जमिनीवर असतानाच हबच्या नटांतल्या स्प्लिट पिना काढा आणि ब्रेक दाबून हबचे नट आणि दोन मोठे लॉकनट फक्त सैल करा. गाडी घोडीवर चढवून हे करायला गेलात तर एक तर ॲक्सल फिरत राहतो, नाहीतर गाडी घोडीवरून उतरते. लॉकनट एकमेकांवर आवळलेले असतात, म्हणून आतला एका पान्याने धरून बाहेरचा सोडवायचा. जोर लावण्याआधी आट्यांचा उतार कुठल्या बाजूला जातो ते पाहून घ्या. काही जागी उलटे आटे निघतात आणि सोडवतोय असं समजून माणूस आवळत बसतो.

३. नट हलतच नसेल तर त्यावर लाल थ्रेडलॉक असण्याची शक्यता मोठी. नटाला हीट गनने तापवा. हा पदार्थ साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे नरम पडतो. त्याआधी आसपासचं ग्रीस पुसून काढा आणि पेट्रोलची टाकी-पाइप गळत नाहीत ना ते पाहा. जळालेल्या सीलची चिंता नको, ते बदलायचंच आहे. छिन्नी लावून नट फिरवला तर नट निघतो, पण आट्यांवर जखम होते, आणि तडा कुठून सुरू होतो ते वर सांगितलंच आहे.

४. गाडी घोडीवर चढवून चाकं काढा, हबचे नट काढून हब पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) ओढा. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पॅडांनी पकडणारा भाग) सोडवून तारेने वर टांगा, होजवर लटकू देऊ नका. पॅडांच्या मध्ये लाकडाची चिपटी घाला. डिस्क बाहेर असताना कोणी ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि दुपार त्यातच जाते.

५. चेन सैल करून उतरवा. आता ॲक्सल कुठल्या बाजूने निघेल ते ठरवा. शाफ्टवर जिकडे खांदा, म्हणजे जाड कडा आहे, त्याच बाजूला तो बाहेर येतो. उलट दिशेने ठोकलात तर बेअरिंगही फुटेल आणि हाऊसिंगही.

६. टोकावर जुना नट शाफ्टच्या तोंडाच्या पातळीला येईल इतका फिरवा आणि पितळी, तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोड्याने ठोका. लोखंडी हातोड्याने टोक फुलतं, मग ते बेअरिंगमधून जात नाही.

हाऊसिंग: खरी परीक्षा इथे

जुनी बेअरिंगं पोगराने (ठोकायच्या पंचाने), मधली नळी जराशी बाजूला सरकवून, आळीपाळीने समोरासमोरच्या बिंदूंवर ठोकून काढा. आता हाऊसिंग पुसून आतून बघा. बेअरिंगची जागा एकसारखी मळकट राखाडी असेल तर ठीक. आरशासारखी चमकत असेल तर बेअरिंगची बाहेरची रिंग आत फिरत होती. नवं बेअरिंग अंगठ्याने दाबून सहज आत गेलं तर हाऊसिंग संपलं.

इथे एक जुगाड सर्रास चालतो: पोगराने आत टिपके मारून जागा घट्ट करायची. बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं खरं, पण ते फक्त टिपक्यांच्या टोकांवर टेकलेलं असतं. टोकं चेपली की पुन्हा खेळ, आणि नवा ॲक्सल पुन्हा डुगडुगायला लागतो. नवं हाऊसिंग मिळत असेल तर तेच घाला. मिळत नसेल तर लेथवर बोअर मोठं करून पोलादी बुश बसवून घ्या, आणि दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये बोअर करा असं लेथवाल्याला बजावून सांगा. हाऊसिंग उलटं पकडून दुसरी बाजू केली तर दोन बेअरिंगं एका रेषेत येत नाहीत.

मधली नळी मोजा. तिची तोंडं चेपलेली, तिरकी किंवा झिजलेली असतील तर बदला. ही नळी दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर ठेवते. ती आखूड झाली की लॉकनट आवळताच रिंगा आत खेचल्या जातात आणि गोळ्या कडेला घासतात. नळी घालायला विसरून जोडलेल्या गाड्याही येतात. त्यांची बेअरिंगं फार दिवस टिकत नाहीत.

जोडणी

बेअरिंगं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. हाऊसिंग हीट गनने इतकं तापवा, की पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होईल. पहिलं बेअरिंग तळाला टेकेपर्यंत घाला, मग नळी, मग दुसरं. ठोकावं लागलं तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग मध्ये ठेवून फक्त नव्याच्या बाहेरच्या रिंगेवर ठोका. आतल्या रिंगेवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. दुसरं बेअरिंग नळीला टेकलं की थांबा. बोटाने नळी जेमतेम सरकवता आली पाहिजे, आणि दोन्ही रिंगा हाताने मऊ फिरल्या पाहिजेत.

सील बसवताना जुनं कुठल्या तोंडाने होतं तसंच बसवा. सामान्यतः नंबर बाहेर दिसतो. ओठाला बोटभर ग्रीस लावा. ॲक्सल आत घालण्याआधी त्याच्या दात्यांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, कारण नव्या स्प्लाइनची धार सीलचा ओठ चिरते आणि ते बाहेरून दिसत नाही. ॲक्सल आत गेला की पट्टी काढायला विसरू नका.

डिस्कचा आणि स्प्रॉकेटचा हब मॉलिब्डेनम ग्रीस लावून चढवा. लॉकनटचे आटे मात्र थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने कोरडेठाक करा, ग्रीसवर थ्रेडलॉक धरत नाही. थ्रेडलॉक लावून आधी आतला नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (पिळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा, मग आतला धरून बाहेरचा. हा आकडा मॉडेलगणिक बराच बदलतो, तेव्हा अंदाजाने ठरवू नका. एवढा मोठा टॉर्क पाना नसेल तर हिशेब सोपा आहे: १ मीटर लांब आडव्या पाइपच्या टोकाला १५ किलो वजन टांगलं की सुमारे १५० न्यूटन-मीटर होतात. त्या प्रमाणात वजन कमीजास्त करा. नंतर दोन्ही नटांवरून शाफ्टपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. थ्रेडलॉकला पूर्ण धरायला २४ तास द्या.

चाकाच्या हबचा खाचांचा नट आवळल्यावर भोक आणि खाच जुळत नसेल, तर नट थोडा अजून आवळून जुळवा. जुळवण्यासाठी मागे फिरवू नका. स्प्लिट पिन नवीच घाला. खिळा आणि बाइंडिंगची तार म्हणजे स्प्लिट पिन नव्हे.

चेन चढवून स्प्रॉकेटच्या अंगाला पट्टी लावा आणि पुढचा-मागचा स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का बघा. चेनचा झोल खालच्या बाजूला मधोमध मोजा, साधारण २५ ते ३५ मिलिमीटर. चाक पूर्ण फिरवून, चेन जिथे सर्वांत घट्ट वाटते तिथला झोल धरा. फार ताणलेली चेन नव्या बेअरिंगला पहिल्या दिवसापासून एका बाजूला ओढत राहते. कॅलिपर लावा, डिस्कवरचा ग्रीसचा हात पुसून काढा आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा.

पहिली चक्कर आवारातच, हळू, रिकाम्या गाडीने, दहा मिनिटं घ्या. थांबून हाऊसिंगला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर काहीतरी जास्त आवळलं गेलंय. पांढरी रेघ तुटली आहे का पाहा. पहिल्या दिवसाअखेर हबचे आणि चाकांचे नट पुन्हा तपासा आणि चेनचा झोल पुन्हा मोजा.

किनाऱ्यावर चालणारी गाडी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, पण साध्या पाइपने. प्रेशर वॉशरची धार सीलवर धरली तर ती खारं पाणी आणि वाळू दोन्ही आत ढकलते. हाऊसिंगला ग्रीस निपल असेल तर सीलच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप करा. सकाळी गाडी बाहेर काढताना पांढरी रेघ एकदा बघून घ्या. ती तुटलेली दिसली तर त्या दिवशी गाडी भाड्याला देऊ नका.